स्पेनला राहायला जायचंय, पण व्हिसा कुठला?

पुण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. स्वतः ५४ वर्षांचे, आयटीतली नोकरी सोडण्याच्या बेतात. पत्नी ४९, घरून एका अमेरिकन कंपनीसाठी फ्रीलान्स काम करतात आणि महिन्याला साधारण ४,५०० डॉलर मिळवतात. मुलगी सतरा वर्षांची, बारावीला. दोन फ्लॅटचं मिळून महिना ७० हजार भाडं येतं. एफडी, म्युच्युअल फंड आणि पीपीएफ धरून अडीच कोटींच्या आसपास शिल्लक. वृद्ध आई पुण्यातच राहणार, म्हणून वर्षातले चार महिने तिच्याजवळ काढायचे. पत्नीचं माहेर मडगावचं. वालेन्सिया पाहून आलेत, आवडलंय. आता गोल्डन, नॉन-लुक्रेटिव्ह आणि डिजिटल नोमॅड या तीन व्हिसांतला ‘सगळ्यात चांगला’ कुठला? आणि इटली, ग्रीसचं काय?

मी वालेन्सियातच असते आणि इथल्या इमिग्रेशन वकिलांसाठी भारतीय कुटुंबांच्या फाइली तयार करायचं काम करते. तुमच्यासारख्या घराच्या फाइलीत व्हिसाचं नाव सगळ्यात शेवटी ठरतं. आधी ठरवायच्या तीन गोष्टी: पुढची पाच वर्षं घरातलं कोण काम करणार, पैसा कमाईतून येणार की साठवलेल्यातून, आणि वर्षाचे किती दिवस तुम्ही खरोखर स्पेनमध्ये असणार. पहिल्या दोन्हींबद्दल तुम्ही नीट लिहिलंय. खरा पेच तिसरीत आहे, आणि ती तुम्ही जाता जाता एका वाक्यात उरकलीत.

गोल्डन व्हिसाचं आधी मिटवू. २०१३ च्या कायद्याने सुरू झालेली पाच लाख युरोंचं घर घेऊन निवास मिळवायची ती सोय ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाली. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत अजूनही कोणी ‘स्पेनमध्ये फ्लॅट घ्या, व्हिसा मिळेल’ म्हणत असेल तर तिथून सरळ उठा. घर आजही विकत घेता येतं, पण त्याने राहण्याचा हक्क मिळत नाही.

आता नॉन-लुक्रेटिव्ह. नावाप्रमाणे हा कमाई न करणाऱ्यांचा व्हिसा. स्पेनमध्ये इप्रेम नावाचा एक सरकारी आकडा असतो, महिना ६०० युरो. मुख्य अर्जदाराला त्याच्या चौपट म्हणजे वर्षाला २८,८०० युरो दाखवावे लागतात आणि सोबतच्या प्रत्येक माणसामागे आणखी ७,२००. तुम्हा तिघांचे झाले ४३,२००. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर ४३ लाख. तुमचं भाडं वर्षाला ८ लाख ४० हजार. उरलेली रक्कम बचतीतून दाखवायची, आणि बचत धरली जाते. फक्त ती हाताशी असलेली हवी. पीपीएफमध्ये अडकलेल्या रकमेकडे बघून अधिकारी खूश होत नाहीत, बँकेतल्या रकमेकडे बघून होतात.

पहिला व्हिसा एक वर्षाचा. पुढचं नूतनीकरण दोन वर्षांचं असतं आणि त्या वेळी दोन्ही वर्षांची रक्कम एकदम दाखवावी लागते, म्हणजे तिघांसाठी ८६,४००. पहिल्या वर्षाचा खर्च भागवून झाल्यावर. पहिल्या अर्जाच्या गडबडीत हा दुसरा आकडा कोणी पाहत नाही. तुमच्याकडे एवढी शिल्लक आहे, पण रुपया घसरता असतो आणि शिल्लक रुपयांत आहे, हे हिशेबात धरा.

या व्हिसावर घरातल्या कोणालाही काम करता येत नाही. ‘वहिनी तर अमेरिकेसाठी काम करतात, स्पेनमध्ये थोडंच?’ हा युक्तिवाद मी बऱ्याच जणांकडून ऐकलाय. वकिलातीला तो मान्य नाही. तुम्ही जी बँक स्टेटमेंट जोडणार त्यांत दर महिन्याला डॉलर जमा झालेले दिसणारच. काहींना एजंट सल्ला देतात की पत्नीचं खातं दाखवूच नका. एक तर ते खोटं आहे. दुसरं म्हणजे तुम्ही इथे करनिवासी (म्हणजे करापुरते इथले रहिवासी) झालात की तेच उत्पन्न स्पेनच्या कर विवरणात लिहावं लागेल, आणि नूतनीकरणाच्या वेळी अधिकाऱ्यापुढे तुमच्याच सहीचा पुरावा असेल. काम चालू ठेवायचं असेल तर हा व्हिसा तुमचा नाही. वहिनी मनापासून थांबणार असतील तर मात्र तो साधा आणि सरळ आहे.

डिजिटल नोमॅड हे लोकांनी पाडलेलं नाव. कायद्यात तो दूरस्थ काम करणाऱ्यांचा व्हिसा म्हणून येतो, २०२२ च्या २८ क्रमांकाच्या कायद्यातून. इथे मोजमाप इप्रेमचं नसून किमान वेतनाचं असतं. २०२५ चं किमान वेतन १,१८४ युरो, वर्षातून चौदा हप्ते. ते बारा महिन्यांवर पसरून दुप्पट केलं की मुख्य अर्जदारासाठी महिना साधारण २,७६३ होतात. पहिल्या सोबत्यासाठी दुप्पट न केलेल्या वेतनाच्या ७५ टक्के म्हणजे १,०३६, आणि पुढच्या प्रत्येकासाठी २५ टक्के म्हणजे ३४५. तिघांचे ४,१४४. वहिनींचे ४,५०० डॉलर आजच्या भावाने ३,९०० युरोंच्या आतबाहेर. म्हणजे २०२५ च्या हिशेबाने दोघांपुरते बसतात, तिघांना तोकडे पडतात. शिवाय किमान वेतन जवळजवळ दर वर्षी वाढतं आणि त्यासोबत हा उंबरठाही.

म्हणून अशा घरात मी मुलीला आईच्या अर्जातून बाहेर काढून पाहते. ती बारावी होऊन इथे शिकणार असेल तर तिचा स्वतःचा विद्यार्थी व्हिसा होऊ शकतो. त्याला इप्रेमइतके म्हणजे महिना ६०० युरो दाखवावे लागतात, ते तुम्ही पालक म्हणून दाखवू शकता, आणि तिला आठवड्याला ३० तासांपर्यंत कामही करता येतं. एरवीही अर्ज चालू असताना ती अठराची झाली तर ‘सोबतची मुलगी’ म्हणून आर्थिक अवलंबित्व वेगळं सिद्ध करत बसावं लागतं. तिच्या शिक्षणाचं एवढंच सांगते की भारतातली बारावी इथल्या बाचियेरातोच्या बरोबरीची ठरवून घ्यायला महिने लागतात, तेव्हा निकाल लागायची वाट पाहू नका, प्रक्रिया आधी समजून घ्या. आणि वालेन्सियात स्पॅनिशबरोबर वालेन्सियन भाषाही शिकवण्यात आहे. कर्नाटकातल्या बेळगावात राहून कन्नड शाळेबद्दल जी चर्चा मराठी घरांत होते, तसली चर्चा इथल्या नव्या घरांत हमखास होते.

वहिनींच्या अर्जाला काय लागेल? अमेरिकन कंपनी किमान एक वर्ष चालू असल्याचा पुरावा, तिच्याशी किमान तीन महिन्यांचा कामाचा संबंध, स्पेनमधून काम करायला हरकत नाही असं तिचं पत्र, आणि पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव. फ्रीलान्सरना स्पॅनिश ग्राहकांकडून एकूण कामाच्या २० टक्क्यांपर्यंत कमाई चालते. या व्हिसावर आलेल्या जोडीदाराला स्पेनमध्ये काम करायची मुभा आहे, म्हणजे तुम्हालाही उद्या इथे काही करावंसं वाटलं तर दार उघडं राहतं. नॉन-लुक्रेटिव्हवर ते बंद असतं.

मुंबईच्या वकिलातीतून केलं तर सुरुवातीला एक वर्षाचा व्हिसा मिळतो. स्पेनमध्ये कायदेशीर असताना इथेच अर्ज केला तर थेट तीन वर्षांपर्यंतचा परवाना. म्हणून काही जण शेंगेन टूरिस्ट व्हिसावर येऊन इथे अर्ज टाकतात. कायद्याने चालतं. पण भारतीय पासपोर्टवर मिळणारे दिवस मोजके असतात, आणि अपोस्टिलचा (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून मारलेल्या सरकारी शिक्क्याचा) एक कागद कमी निघाला तर तो पुण्याहून मागवेपर्यंत मुदत संपते. पंचविशीतला एकटा मुलगा असता तर मी कदाचित हो म्हटलं असतं. घरदार आवरून निघणाऱ्या कुटुंबाला मुंबईचाच रस्ता सांगते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे विचाराल म्हणून: तुम्ही नोकरी न सोडता तुमच्याच भारतीय कंपनीसाठी इथून काम केलं तर? कागदावर शक्य, प्रत्यक्षात अडतं. भारत आणि स्पेन यांच्यात सामाजिक सुरक्षा करार लागू नाही. पोर्तुगालशी आहे, फ्रान्सशी आहे, जर्मनीशी आहे. तिकडे जाणाऱ्यांना पीएफ कार्यालय जे कव्हरेज प्रमाणपत्र (वर्गणी भारतातच भरली जाते याचा दाखला) देतं ते स्पेनसाठी देऊ शकत नाही. मग तुमच्या कंपनीला स्पेनच्या सेगुरिदाद सोसियालमध्ये, म्हणजे सरकारी सामाजिक सुरक्षा व्यवस्थेत, स्वतःची नोंदणी करावी लागते. एचआरला हे सांगितलं की बहुतेक कंपन्या तिथेच थांबतात. वहिनी फ्रीलान्सर असल्याने त्यांचं सोपं: त्या इथे औतोनोमो (स्वयंरोजगारी) म्हणून नोंदणी करतील आणि हप्ता स्वतः भरतील. पहिल्या वर्षी सवलतीचा दर महिना ८० युरोंच्या आसपास असतो, पुढे उत्पन्नाप्रमाणे बराच वाढतो.

आता दिवसांचा मुद्दा. कॅलेंडर वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त स्पेनमध्ये राहिलात की तुम्ही करनिवासी, आणि मग जगभरातल्या उत्पन्नाचा हिशेब इथे द्यायचा. चार महिने पुण्यात आणि आठ इथे म्हणजे ही रेषा तुम्ही दर वर्षी ओलांडणार. दुसरीकडे पाच वर्षांनंतर जो दीर्घकालीन निवास मिळतो त्यासाठी अट अशी की सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर नसावं आणि पाच वर्षांत मिळून दहा महिन्यांहून जास्त नसावं. कामानिमित्त बाहेर राहिलात तर थोडी सवलत आहे, पण आईसाठी राहणं त्यात बसत नाही. तुमचे होतात वीस महिने. म्हणजे पाच वर्षं स्पेनला पूर्ण कर भरूनही कायमच्या कार्डाच्या वेळी गाडी अडणार. शिवाय भारताच्या बाजूलाही एक रेषा आहे: भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर गेलं आणि १२० दिवस तिथे काढले तर परदेशस्थ नागरिकाचा अनिवासी दर्जा जाऊ शकतो. चार महिने म्हणजे जवळपास तेवढेच दिवस.

यावर माझ्याकडे कायद्याचा तोडगा नाही, घरचा आहे. दोघांनी एकदम चार महिने जायचं, की आलटून पालटून? मुख्य अर्जदार वहिनी असतील तर त्यांनी वर्षातून महिना-दीड महिना जावं आणि जास्तीचे दिवस तुम्ही आईजवळ काढावेत, असं काही कुटुंबं करतात. मग पाच वर्षांनी वहिनींचं कार्ड पक्कं होतं, तुमचं उशिरा. आईंना इथे आणून ठेवायचा विचार असेल तर पालकांच्या पुनर्मीलनाच्या सर्वसाधारण मार्गासाठी पाच वर्षांनंतरचं पक्कं कार्ड आधी लागतं, आणि आईंना ते हवंय का हेही त्यांना विचारायला हवं.

पैशांच्या भारतीय बाजूकडे लोक फार उशिरा वळतात. परदेशी खात्यात पाठवलेल्या रकमेवर, माणशी वर्षाला १० लाखांच्या पुढे, २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापला जातो. ४३ लाख एकट्या तुमच्या नावाने पाठवले तर ३३ लाखांवर साडेसहा लाखांहून जास्त अडकून बसतात. विवरण भरल्यावर ते वळते होतात, पण मधल्या काळात हातात नसतात. दोघांच्या नावाने निम्मे निम्मे पाठवा, शक्य असेल तर मार्च आणि एप्रिल अशा दोन आर्थिक वर्षांत विभागा. तुम्ही अनिवासी झालात की बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं खातं) करावं लागतं आणि भाडेकरूला भाड्यातून ३० टक्क्यांच्या वर टीडीएस कापावा लागतो. हे भाडेकरूला आधी सांगून ठेवा. पहिल्याच महिन्यात यावरून खटके उडताना मी पाहिलेत.

स्पेनमध्ये पीपीएफचं व्याज करमुक्त नाही. भारतात आहे म्हणून इथे असेल असं गृहीत धरू नका. भारतातल्या भाड्यावर तिकडे भरलेल्या कराची वजावट दुहेरी कर करारामुळे मिळते, पण म्युच्युअल फंड विकलात तर नफ्यावर १९ टक्क्यांपासून सुरू होणारा चढता दर लागतो. म्हणून जे विकायचं ठरलंच आहे ते करनिवासी व्हायच्या आधी विका. त्याच कारणासाठी मी लोकांना वर्षाच्या उत्तरार्धात, सप्टेंबरच्या सुमाराला यायला सांगते. त्या वर्षी १८३ दिवस भरत नाहीत आणि भारतातली आवराआवर शांतपणे होते. पुढच्या वर्षापासून मोदेलो ७२० नावाचं विवरणही असतं: परदेशातली खाती, गुंतवणूक किंवा स्थावर, यांतल्या कुठल्याही एका गटात ५०,००० युरोंहून जास्त असेल तर ३१ मार्चपर्यंत कळवायचं. तुमचं तिन्ही गटांत असेल. बेकहॅम कायद्याची २४ टक्के सपाट दराची सवलत ऐकली असेल; ती नॉन-लुक्रेटिव्हवाल्यांना मिळत नाही आणि फ्रीलान्सरसाठी तो रस्ता सरळ नाही, तेव्हा ती धरून बजेट करू नका.

मडगावचा मुद्दा तुम्ही शेवटी सहज लिहिलात, पण मी तो आधी तपासला असता. वहिनींचे वडील १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले असतील, तर त्यांच्या जन्माच्या नोंदीवरून वहिनींना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येण्याची शक्यता आहे. ते मिळालं तर त्या युरोपीय संघाच्या नागरिक म्हणून स्पेनमध्ये राहू शकतात आणि तुम्ही त्यांचे कुटुंबीय म्हणून. वरच्या इप्रेम आणि किमान वेतनाच्या मोजमापातून सुटका. पण भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, नोंदी जुळवायला वेळ लागतो, आणि नावाच्या स्पेलिंगवरून फाइली रखडतात. हा निर्णय फक्त व्हिसाच्या सोयीसाठी घेऊ नये असं माझं मत. तरी नोंद आहे की नाही हे गोव्याला जाऊन पाहायला हरकत नाही.

इटली, ग्रीसचं विचारलंत म्हणून एक ओळ. दोन्हीकडे परदेशी पेन्शन घेणाऱ्यांसाठी ७ टक्क्यांच्या सपाट कराच्या योजना आहेत, इटलीत मुख्यतः दक्षिणेतल्या लहान गावांपुरती. तुमचं उत्पन्न पेन्शनचं नाही, त्यामुळे आज त्याचा उपयोग नाही.

कागदांत मराठी घरांची अडचण ठरलेली: नावं. पासपोर्टवर तुमच्या नावापुढे वडिलांचं नाव, वहिनींचं लग्नाआधीचं नाव पदवीवर, लग्नानंतरचं पासपोर्टवर, आणि जन्मदाखल्यावर नुसतं पाळण्यातलं नाव. स्पॅनिश अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटतात. विवाह नोंदणी दाखला, राजपत्रातला बदल किंवा प्रतिज्ञापत्र यांनी साखळी जोडून ठेवा. मग राज्य शासनाचं प्रमाणीकरण, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, आणि त्यानंतरच स्पेनच्या मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून भाषांतर, कारण अपोस्टिलचंही भाषांतर लागतं. पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस दाखला सगळ्यात शेवटी काढा, त्याची मुदत लवकर संपते. गेल्या पाच वर्षांत प्रोजेक्टसाठी दुसऱ्या देशात राहिला असाल तर तिथलाही लागू शकतो.

आरोग्य विमा स्पेनमध्ये परवाना असलेल्या कंपनीचा, कोपेमेंट (उपचारांच्या वेळी खिशातून भरायचा हिस्सा) नसलेला हवा. भारतातला ट्रॅव्हल इन्शुरन्स चालत नाही. तुम्हाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर विम्याची चौकशी व्हिसाच्या आधी करा. पन्नाशीनंतर कंपन्या नाही म्हणू शकतात, आणि त्या नाही म्हणाल्या तर बाकीची फाइल कितीही चांगली असून उपयोग नाही. एक वर्ष इथे नोंदणीकृत राहिल्यावर ६५ च्या आतल्यांना महिना ६० युरो भरून सरकारी आरोग्यसेवेत शिरता येतं, पण ते वर्षभरानंतर.

तर तुमच्या जागी मी काय करेन? वहिनी पुढची पाच वर्षं काम करायला तयार असतील तर त्यांच्या नावाने दूरस्थ कामाचा व्हिसा, तुम्ही सोबत, मुलगी विद्यार्थी व्हिसावर. थांबणार असतील तर नॉन-लुक्रेटिव्ह, आणि त्यासाठी अमेरिकन करार खरोखर संपवलेला. वहिनींच्या कंपनीकडून त्या पत्राचा मसुदा आत्ताच मागवा. अमेरिकन कंपन्यांचे वकील अशा पत्रावर सही करायला दोन-तीन महिने सहज घेतात, आणि ते पत्र आलंच नाही तर बाकी सगळा विचार नव्याने करावा लागेल.